कुत्रा सांभाळण्याचा दर आणि आडनावाचा दर

नाशिकच्या गंगापूर रोड, कॉलेज रोड, इंदिरानगरच्या सोसायट्यांत कुत्री-मांजरं सांभाळणाऱ्यांना आता काम मिळू लागलं आहे. दिवाळीत, मे महिन्यात मालक गावाला जातो आणि लॅब्राडोर मागे राहतो. त्याला सांभाळणाऱ्या एकाला 'पेट सिटर' म्हणतात आणि दिवसाच्या हिशोबाने पैसे मोजून देतात. दुसऱ्याला 'कुत्रं फिरवणारा पोरगा' म्हणतात आणि हातावर काहीतरी टेकवतात. खाऊ घालणं, फिरवणं, शी उचलणं, दोघांचं काम तेच. मग दरात एवढं अंतर का? "बाजार ठरवतो" हे ठरलेलं उत्तर आम्हाला अर्धंच मान्य आहे.

मान्य असलेलं अर्धं आधी सांगतो. सांभाळणारा दिवसातून एक फेरी मारणार की मालकाच्या घरी मुक्काम करणार, जनावर एक की तीन, पिल्लू की म्हातारं, यावर दर बदलणारच. मधुमेह झालेल्या मांजराला वेळेवर इन्सुलिन टोचायचं असेल तर त्या हाताच्या सवयीचे पैसे वेगळे. फटाक्यांनी बिथरलेल्या कुत्र्याजवळ रात्र काढायची म्हणजे आपल्या घरचा सण सोडायचा, त्याचे वेगळे. ॲपवरून काम आलं तर कमिशन कापलं जातं. हा फरक कष्टाचा आणि कसबाचा आहे. त्याला आमचा विरोध नाही.

उरलेला फरक मात्र कष्टाचा नाही. चांगला पैसा कशात आहे? जनावर आठवडाभर आपल्या घरी ठेवून घेण्यात. त्याला जागा लागते. मल्हारखाण, फुलेनगर किंवा गंजमाळच्या भीमवाडीतल्या एका खोलीत पाच माणसं राहतात, तिथे लॅब्राडोर कुठे ठेवणार? मोठं घर भाड्याने घ्यायला जावं तर मालक आधी आडनाव विचारतो. म्हणजे ज्याच्याकडे पिढीजात जागा आहे त्याचा दर चढा, आणि त्या चढ्या दराचं नाव 'सर्व्हिस क्वालिटी'!

दुसरा पैसा किल्लीत आहे. आठ दिवस फ्लॅटची किल्ली कुणाच्या हातात द्यायची हे ओळखीवर ठरतं, आणि ओळख 'आपल्यातल्यां'मध्ये फिरते. आमच्या पोरांना वर्षानुवर्षं काम करूनही दारातच पट्टा मिळतो, दारातच परत घेतला जातो. वर प्रश्न असतो, "तुमच्या घरी नॉनव्हेज करतात का?" कुत्र्याच्या ताटात उकडलेली कोंबडी चालते, सांभाळणाऱ्याच्या चुलीवरची सुकट चालत नाही! याच शहरात काळाराम मंदिराच्या दारासाठी 2 मार्च 1930 रोजी सत्याग्रह सुरू झाला. आणि 1931 साली मणिभवनात बाबासाहेबांनी गांधीजींना तोंडावर विचारलं होतं की, जिथे आम्हाला कुत्र्या-मांजरांहून वाईट वागणूक मिळते तो देश आमचा कसा? ज्यांना हे उदाहरण जुनं वाटतं त्यांनी एखाद्या सोसायटीची लिफ्ट बघावी. कुत्रा कोणत्या लिफ्टने जातो आणि त्याला फिरवणारा कोणत्या?

आमचा खरा राग आहे तो "बघू, समजून घेऊ" या वाक्यावर. दर न ठरवता काम करून घ्यायचं आणि शेवटी थोडे पैसे, जुने कपडे, उरलेला फराळ द्यायचा. याला आमच्या आजोबांच्या भाषेत बलुतं म्हणतात. महार वतनदाराच्या कामाला वेळ नव्हती, मोबदला मात्र गावाच्या मर्जीवर होता. 1928 साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं, त्यात बलुत्याच्या जागी रोख पैसा यावा ही मागणी होती. का? कारण रोख ठरलेला दर मागता येतो, मर्जी मागता येत नाही. ती वतनं कायद्याने मोडायला 1958 साल उजाडलं. आज ती फ्लॅटच्या दारात पुन्हा उभी राहत असतील तर आम्ही गप्प बसणार नाही.

आमच्यातले काही कार्यकर्ते म्हणतात, हे काम हलकं, आपल्या पोरांनी करूच नये. आम्हाला हे पटत नाही. मेलेली ढोरं ओढू नका असं बाबासाहेबांनी सांगितलं, कारण ते काम जातीने लादलेलं होतं. जिवंत जनावर सांभाळणं हे कौशल्य आहे. शिका, करा, नाही पटलं तर सोडा. पण फुकट करू नका. घरेलू कामगारांसाठी 2008 चा कल्याण मंडळाचा कायदा आहे, पण तुमचा दर तो ठरवून देणार नाही.

म्हणून वस्तीतल्या, वॉर्डातल्या पोरांनी एकत्र बसून एकच दरपत्रक करावं आणि कामाआधी मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवावं. फेरीचा दर, मुक्कामाचा दर, औषध देण्याचा दर, सणाचा जादा दर. रेबीजची लस चावण्याआधीच घ्यायची असते, तिचा खर्च कोण करणार हेही त्यात लिहा. चावल्यावर दवाखान्याचं बिल कोण भरणार तेही. तुमच्यातला एकजण कमी दराने गेला तर मालक उद्या सगळ्यांना तोच दर दाखवेल, त्याला आजच समजावा. या दिवाळीचं काम घेताना निम्मे पैसे आधी घ्या, तेही पट्टा हातात धरण्यापूर्वी.

जय भीम!