विश्लेषण : लेखनिक मिळणे हा हक्क की प्राचार्यांची मेहेरबानी?

परीक्षेला दोन दिवस उरलेत. वर्गातली बाकी मुले उजळणी करताहेत आणि दृष्टिहीन विद्यार्थी मात्र ओळखीपाळखीच्यांना फोन लावत बसला आहे. ‘सोमवारी तीन तास पेपर लिहायला येशील का?’ लेखनिक मिळाला तर परीक्षा विभागाचा प्रश्न तयार असतो : ‘अर्ज आधी का नाही दिला?’ राज्यातल्या कितीतरी महाविद्यालयांत दर सत्राला हेच घडते. कायदा या विद्यार्थ्याच्या बाजूने असूनही धावपळ त्याच्याच वाट्याला का येते?

कायदा काय सांगतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. आधीच्या १९९५च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, ते आता २१ झाले. त्यात स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, थॅलेसेमिया, सिकलसेल यांचाही समावेश आहे. म्हणजे हातात काठी वा कुबडी नसलेला विद्यार्थीही दिव्यांग असू शकतो. ‘दिसायला तर धडधाकट आहेस’ हे कार्यालयातले नेहमीचे वाक्य कायद्यापुढे टिकत नाही.

शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान पाच टक्के जागा राखीव आहेत. वयाच्या अटीत पाच वर्षांची सूट आहे.

विनाअनुदानित महाविद्यालये सुटली का?

नाही. राखीव जागांची अट त्यांना लागू नसली, तरी कलम १६ सरकारी मान्यता असलेल्या संस्थांनाही लागू होते. भेदभाव न करता प्रवेश, सर्वांना वावरता येईल अशी इमारत आणि विद्यार्थ्याच्या गरजेनुसार वाजवी सोय या त्यातल्या प्रमुख अपेक्षा आहेत. कुणाला तळमजल्यावरचा वर्ग हवा असेल, कुणाला सांकेतिक भाषेचा दुभाषा, कुणाला संगणकावर ऐकता येतील अशा नोट्स. अशी वाजवी सोय नाकारणे हाच भेदभाव, अशी व्याख्या कायद्यातच आहे.

परीक्षेत नेमके काय मिळते?

केंद्र सरकारने ऑगस्ट २०१८मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत दर तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ सांगितला होता, म्हणजे तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास. लेखनिक स्वतः आणायचा की परीक्षा मंडळाकडून घ्यायचा, हे विद्यार्थ्याने ठरवायचे होते. मंडळाने लेखनिकांची यादी तयार ठेवावी आणि दोन दिवस आधी त्याची विद्यार्थ्याशी भेट घालून द्यावी, असेही त्यात होते. ही यादी आपल्या महाविद्यालयात कुणी पाहिली आहे का?

४० टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगत्व असेल तर?

११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याचे उत्तर दिले. लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराला लोकसेवा आयोगाने लेखनिक नाकारला होता. लेखनिकासाठी ४० टक्क्यांची अट घालता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. त्यानंतर ऑगस्ट २०२२मध्ये केंद्राने अशा उमेदवारांसाठी वेगळ्या सूचना काढल्या. तरीही अनेक खिडक्यांवर अजून टक्केवारीच विचारली जाते.

मग अडते कुठे?

पैशांचे कारण सर्वात आधी पुढे येते. लिफ्टला पैसे लागतात हे खरेच. पण सध्याच्या सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी कायद्याने दिलेली पाच वर्षांची मुदत जून २०२२मध्येच संपली. आणि वर्ग तळमजल्यावर आणायला, नोट्सची फाइल पाठवायला, लेखनिकांची यादी करायला किती खर्च येतो?

खरे अडते ते दृष्टिकोनात. सोय ही सवलत समजली जाते आणि सवलत मागावी लागते. मागणाऱ्याने दरवेळी प्रमाणपत्र दाखवायचे, दरवेळी नव्या लिपिकाला आपले शरीर समजावून सांगायचे. प्राचार्य समजूतदार असतील तर काम होते, त्यांची बदली झाली की पुन्हा पहिल्यापासून. ज्याला दरवेळी मेहेरबानीची वाट पाहावी लागते, त्याच्याकडे हक्क आहे असे कसे म्हणावे?

उपाय अवघड नाही. प्रवेश अर्जातच ‘तुम्हाला कोणती सोय लागेल?’ असा रकाना हवा. उत्तर एकदा नोंदवले की पदवी मिळेपर्यंत ते परीक्षा विभागाला बांधील असावे. जबाबदार प्राध्यापकाचे नाव आणि फोन सूचना फलकावर हवा. समान संधी कक्ष कागदावर नको, दार उघडे असलेला हवा.

विद्यार्थ्यांनी काय करावे?

सत्राच्या सुरुवातीलाच लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. सोबत यूडीआयडी कार्डाची प्रत जोडा. नकार मिळाला तर तोही लेखी मागा. दाद लागली नाही तर पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते. कायद्याच्या पहिल्या उल्लंघनाला दहा हजार रुपयांपर्यंत, तर पुढच्यांना ५० हजार ते पाच लाख रुपये दंडाची तरतूद आहे.

पण विद्यार्थ्याला तिथवर जावे लागणे हीच महाविद्यालयाची नापासाची गुणपत्रिका आहे. पेपर त्याने लिहायचा आहे. लेखनिक शोधायचे काम महाविद्यालयाचे आहे.