सिलिअ‍ॅक हा फक्त गोऱ्यांचा आजार नव्हे

"सिलिअ‍ॅक? तो इथल्या गोऱ्या लोकांचा आजार. आपल्यात कुठे असते असले काही!" आपल्या मंडळींत हे वाक्य हमखास ऐकू येते. हा समज चुकीचा आहे आणि काही घरांना तो महागात पडतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

गहू, बार्ली आणि राय या धान्यांत ग्लूटेन हे प्रथिन असते. कणकेला चिवटपणा येतो तो त्याच्यामुळे. आम्ही रसायनशास्त्राची माणसे म्हणून एवढे सांगतो की, या प्रथिनाचे पूर्ण तुकडे करणे कोणाच्याच पाचकरसांना जमत नाही. बहुतेकांचे त्यावाचून काही अडत नाही. पण विशिष्ट जनुके असलेल्यांपैकी काहींचे शरीर या उरलेल्या तुकड्यांवर चाल करून जाते आणि त्यात लहान आतड्याच्या अस्तराचेच नुकसान होते. मग लोह, कॅल्शियम अंगी लागत नाही. जुलाब, पोटदुखी असतेच असे नाही. गोळ्या घेऊनही न हटणारा अ‍ॅनिमिया किंवा मुलाची खुंटलेली उंची एवढेच लक्षण असू शकते. आपल्याकडे मात्र "शाकाहारी आहोत, रक्त कमी असायचेच" म्हणून विषय संपतो.

आता आकडे पाहू. ब्रिटनमध्ये साधारण शंभरात एकाला हा आजार आहे. दिल्ली परिसरातील २०११ सालच्या पाहणीत ९६ माणसांमागे एक रुग्ण निघाला, म्हणजे प्रमाण जवळपास तेच! २०१६ साली उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतातील २३ हजारांहून अधिक निरोगी प्रौढांच्या रक्ततपासणीचे निष्कर्ष आले. या आजाराच्या अँटिबॉडीज उत्तरेत हजारी बारा, ईशान्येत हजारी नऊ, तर दक्षिणेत हजारी एक इतक्यांत आढळल्या. गंमत म्हणजे त्या जनुकांचे प्रमाण उत्तरेत ३८ टक्के आणि दक्षिणेत ३६ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच होते. मोठा फरक होता तो ताटात. उत्तरेत माणशी रोजचा गहू सुमारे ४५५ ग्रॅम, दक्षिणेत अवघा २५ ग्रॅम.

गहू हे एकमेव कारण आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण "आपण भाकरी-भातवाले, आपल्याला भीती नाही" हा दिलासा आजीच्या ताटापुरता होता. आपल्या घरांत सकाळी टोस्ट, दुपारी सँडविच, रात्री पोळी आणि शनिवारी पिझ्झा. जनुके बरोबर आली, ज्वारी मागे राहिली.

म्हणून आमचे सांगणे असे. न हटणारा अ‍ॅनिमिया, सततचा थकवा, पोटाच्या तक्रारी असतील तर जीपींना सिलिअ‍ॅकची रक्ततपासणी करता येईल का, असे स्वतःहून विचारा. घरात कोणाला हा आजार असेल तर आई-वडील, भावंडे व मुले यांनीही विचारावे. त्यांच्यात तो दहापैकी एकापर्यंत आढळतो. आणि तपासणीआधी गहू बंद करू नका. निदान सहा आठवडे रोज एकाहून अधिक जेवणांत गहू असावा, नाहीतर तपासणी फसते.

आजार निघालाच तर ग्लूटेन जन्मभर वर्ज्य, हाच उपाय आहे. पण आपले स्वयंपाकघर त्याला फार सोयीचे आहे. ज्वारी, बाजरी, नाचणीची भाकरी, उकडीचे मोदक, साबुदाणा, वरी, राजगिरा सारे चालते. पिठे मात्र भेसळ नसलेली हवीत. डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते आणि भाजणीतही गहू असतो, तेव्हा वेष्टन वाचूनच घ्यावे.

शेवटी मंडळाला सूचना. गणपतीच्या जेवणात प्रत्येक पदार्थापुढे त्यातील जिन्नसांची चिठ्ठी असावी आणि बिनगव्हाच्या पदार्थांचे टेबल व डाव वेगळे असावेत. "घासभर खा हो, काही होत नाही" हा आग्रहही थांबवू या. काहींना त्या घासानेच होते. पंगतीला आलेले कोणीही डबा घेऊन कोपऱ्यात बसू नये, एवढे आपण नक्की करू शकतो.