परिचारिकेचा शब्द

गावात डॉक्टरांपेक्षा परिचारिकेला अधिक प्रश्न विचारले जातात, हे आमच्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. डॉक्टर तालुक्याच्या गावी असतात. त्यांच्याकडे जावयाचे म्हणजे वेळ मोडतो आणि पैसाही लागतो. परिचारिका मात्र कोणाची तरी लेक, कोणाची सून, शेजारच्या घरची ताई असते. ती रजेवर घरी आली, की "सिस्टर, हे जरा बघता का?" असे म्हणत कोणी ना कोणी दारात येतेच. पूर्वी येणाऱ्याच्या हातात औषधाची पुडी किंवा डॉक्टरांची चिठ्ठी असे. आता मोबाईल असतो आणि त्यात कोणा दूरच्या नातलगाने पाठविलेला मजकूर असतो. अमुक काढा घ्यावा, तमुक लस टाळावी, मधुमेहाच्या गोळ्या सोडून द्याव्यात, असे त्यात ठासून लिहिलेले असते.

परिचारिकेने त्यावर नुसती मान डोलावली, तरी त्या मजकुराला जणू प्रमाणपत्र मिळते. संध्याकाळपर्यंत "सिस्टरांनी सांगितले" म्हणून तो साऱ्या वाडीत पोचतो. शब्दाला इतके वजन असणे हा मान खरा, परंतु ती जोखीमही आहे. म्हणून आजचे हे सदर आम्ही मुख्यतः परिचारिका भगिनींसाठी आणि परिचारक बंधूंसाठी लिहीत आहोत. इंटरनेटवर आरोग्याची माहिती कोठे शोधावी आणि सापडलेली माहिती कशी पारखावी, एवढाच आमचा विषय आहे. त्यांच्या घरच्या मंडळींनीही तो वाचावा, कारण शेवटी आम्हांला त्यांच्याशीही दोन शब्द बोलावयाचे आहेत.

पूर्वी माहितीचा दुष्काळ होता. प्रशिक्षणाच्या वेळची दोन-चार पुस्तके आणि वॉर्डातील ज्येष्ठ सिस्टरांचा अनुभव यांवरच सारी भिस्त असे. आज नेमकी उलट स्थिती आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने 'पबमेड' नावाची सूची १९९७ साली सर्वांना विनामूल्य खुली केली. तीत आज ३ कोटी ५० लाखांहून अधिक वैद्यकीय लेखांच्या नोंदी आहेत. याखेरीज चित्रफिती, जाहिराती आणि अफवा यांना तर गणतीच नाही. पुरात पाणी पुष्कळ असते, परंतु पिण्याजोगे थोडेच. २०२० साली करोनाच्या साथीत इराणमध्ये अशी अफवा पसरली, की मद्य घेतल्याने हा रोग टळतो. विषारी मिथेनॉल पिऊन तेथे शेकडो माणसे दगावली. खोट्या माहितीने माणसे मरतात, ही अतिशयोक्ती नव्हे.

तथापि सारी चुकीची माहिती अशी उघड खोटी नसते. पुष्कळदा ती एके काळी खरी असते आणि पुढे शिळी होते. जुलाबावरील क्षार-साखरेच्या पाण्याचे उदाहरण घेऊ. १९७१ साली बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामात बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याने थैमान घातले. शिरेतून देण्याचे द्रव संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून रुग्णांना पाजावयास सुरुवात केली. शेकडा तीसच्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण चाराच्याही खाली आले. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने या मिश्रणाचे प्रमाण ठरवून दिले. त्यात एक लिटर पाण्यास ३.५ ग्रॅम मीठ आणि २० ग्रॅम ग्लुकोज असे. परंतु २००२ साली ते बदलण्यात आले. आज एक लिटरला २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते, कारण या सौम्य मिश्रणाने उलट्या कमी होतात आणि सलाईन लावण्याची वेळ कमी मुलांवर येते, असे आढळून आले. २००४ साली त्याच्या जोडीस जस्ताच्या गोळ्यांची शिफारसही आली. जुने प्रमाण सांगणारी पाने इंटरनेटवर अजून आहेत. ती कोणी खोडसाळपणाने लिहिलेली नाहीत. केवळ त्यांची तारीख उलटून गेली आहे. म्हणून कोणतेही पान उघडले, की प्रथम ते केव्हा लिहिले आणि शेवटी केव्हा तपासले, हे पाहावे. जस्ताची मात्रा आम्ही येथे मुद्दाम देत नाही. ती आजच्या अधिकृत पत्रकात पाहण्याची सवय लागावी, हाच आमचा हेतू आहे.

याच औषधाने दुसराही धडा दिला आहे. आपल्या बाजारात नावात 'ओआरएस' ही अक्षरे मिरविणारी गोड पेये कित्येक वर्षे विकली जात होती. त्यांत साखर ठरलेल्या प्रमाणाहून कितीतरी अधिक असे, आणि जास्त साखरेने जुलाब थांबण्याऐवजी वाढू शकतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध वर्षानुवर्षे चिकाटीने लढा दिला. अखेरीस ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने, ठरलेल्या प्रमाणाचे नसलेल्या पेयांच्या नावात ही अक्षरे वापरण्यास मनाई केली. यास्तव दुसरा प्रश्न असा, की ही माहिती देऊन कोणाचा लाभ होतो? ज्या पानाच्या शेवटी तेच औषध विकत घेण्याची सोय आहे, त्या पानावर सल्ला कोठे संपतो आणि विक्री कोठे सुरू होते, हे ओळखणे कठीण असते.

तिसरा प्रश्न पुराव्याचा. बोलणारा नामांकित आहे, एवढ्याने भागत नाही. अमेरिकेचे डॉ. बेंजामिन स्पॉक हे मोठे बालरोगतज्ज्ञ होते. त्यांच्या बालसंगोपनावरील पुस्तकाच्या कोट्यवधी प्रती खपल्या. बाळाला उलटी झाली तर ती घशात अडकेल, म्हणून त्याला पालथे निजवावे, असा सल्ला त्यांनी १९५८ च्या आवृत्तीपासून दिला. सल्ला सद्भावनेचा होता आणि वरवर पटण्याजोगाही होता. परंतु पालथ्या निजणाऱ्या बाळांना झोपेतच मृत्यू येण्याचा धोका अधिक असतो, हे दर्शविणारा पुरावा १९७० च्या सुमारास उपलब्ध होता. तो कोणी एकत्र करून पाहिला नाही. बाळाला उताणे निजविण्याची मोहीम ब्रिटनमध्ये १९९१ साली सुरू झाली आणि असे मृत्यू झपाट्याने घटले. पुरावा वेळीच एकत्र केला असता, तर एकट्या ब्रिटनमध्ये दहा हजारांहून अधिक बालके वाचली असती, असा अंदाज २००५ साली संशोधकांनी मांडला. अंगाईच्या वयातील त्या बाळांचे प्राण वाईट माणसांनी घेतले नाहीत. चांगल्या माणसांच्या न पारखलेल्या शब्दाने ते गेले.

पुरावा एकत्र करून पाहण्याचे हे काम आता 'कॉक्रेन' नावाची संस्था करते. ब्रिटनचे डॉ. आर्ची कॉक्रेन यांच्या विचारांवरून तिला हे नाव मिळाले आणि तिची स्थापना १९९३ साली झाली. तिच्या बोधचिन्हात एक कहाणीच दडलेली आहे. अपुऱ्या दिवसांची प्रसूती होऊ पाहणाऱ्या मातेला स्टेरॉईडचे इंजेक्शन दिल्यास बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात, असे न्यूझीलंडमधील एका प्रयोगाने १९७२ साली दाखविले. पुढे आणखी प्रयोग झाले. त्यांपैकी सात प्रयोग एकत्र मांडल्यावर या उपचाराने बाळे वाचतात हे स्पष्ट दिसते; त्या चिन्हातील आडव्या रेषा म्हणजे तेच सात प्रयोग होत. दरम्यानच्या काळात हा उपचार न मिळाल्याने किती बाळे दगावली असतील! या संस्थेच्या प्रत्येक परीक्षणासोबत सोप्या भाषेतील सारांश असतो. तो कोणासही विनामूल्य वाचता येतो.

येथे एक सावधगिरी सांगावयास हवी. छापून आलेला शास्त्रीय लेखही मागे घेतला जाऊ शकतो. १९९८ साली 'लॅन्सेट' या विख्यात नियतकालिकात अँड्र्यू वेकफिल्ड यांचा लेख आला. त्यात अवघ्या बारा मुलांच्या आधारे गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा संबंध स्वमग्नतेशी जोडला गेला. २०१० च्या फेब्रुवारीत त्या नियतकालिकाने तो लेख मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफिल्ड यांचे नाव ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदवहीतून काढण्यात आले. तरीही त्या लेखातील भीती आजतागायत फिरत आहे. पबमेडमध्ये अशा लेखावर तो मागे घेतल्याची ठळक नोंद असते. ती पाहिल्यावाचून पुढे जाऊ नये. शिवाय पबमेडमध्ये नोंद आहे म्हणजे लेख खराच, असेही मानू नये. ती सूची आहे, हमीपत्र नव्हे.

बाह्य खुणांवरही फार विसंबू नये. 'डॉट गव्ह डॉट इन' हा शेवट आपल्या सरकारी खात्यांनाच मिळतो, परंतु 'डॉट ऑर्ग' कोणीही घेऊ शकतो. आरोग्याच्या पानांना विश्वासाची मुद्रा देणारी जिनीव्हाची एक संस्था होती. 'हॉन-कोड' हे त्या मुद्रेचे नाव. ती संस्था २०२२ च्या अखेरीस बंद पडली. म्हणून कोठे ती मुद्रा अजून दिसली, तर आज तिच्यामागे तपासणारा कोणी नाही, हे ध्यानात ठेवावे.

चौथा प्रश्न असा, की ही माहिती आपल्या रुग्णास लागू पडते काय? अमेरिकेच्या पानांवर पॅरासिटामॉलला 'ॲसिटामिनोफेन' म्हणतात आणि ॲड्रिनलिनला 'एपिनेफ्रिन'. नावे दोन, औषध एकच. हे न कळल्यास एकच औषध दोनदा दिले जाण्याचा धोका संभवतो. रक्तातील साखर ब्रिटनमध्ये निराळ्या एककात मोजतात. तेथील ७ म्हणजे आपल्याकडील १२६. तेथील आकडा जसाच्या तसा उचलला, तर अनर्थच व्हावयाचा.

मग शोधावे कोठे? आमच्या मते पायऱ्या अशा असाव्यात. प्रथम आपल्या रुग्णालयाची लेखी कार्यपद्धती. त्यानंतर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची पत्रके आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तयार केलेले उपचारांचे आराखडे, कारण ते आपल्याच देशातील रुग्ण डोळ्यांपुढे ठेवून केलेले असतात. मग जागतिक आरोग्य संघटना आणि कॉक्रेनची परीक्षणे. सर्वांत शेवटी पबमेडमधील सुटे लेख. अंगावर पाजणाऱ्या मातेला एखादे औषध चालेल काय, हा प्रश्न परिचारिकेला वारंवार येतो. त्यासाठी अमेरिकेच्या त्याच ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर 'लॅक्टमेड' ही विनामूल्य माहितीपेढी आहे. रुग्णास सोप्या भाषेत समजावून सांगावयाचे असल्यास त्यांचेच 'मेडलाइनप्लस' उपयोगी पडते.

अलीकडे प्रश्न विचारताच सफाईदार उत्तर लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने हाताशी आली आहेत. त्यांचा उपयोग करूच नये, असे आम्ही म्हणत नाही. परंतु ती कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या लेखांचे संदर्भ छातीठोकपणे देतात. त्यांनी दिलेला संदर्भ स्वतः उघडून पाहावा. तो सापडला नाही, तर ते उत्तर बाजूस ठेवावे. औषधाची मात्रा तर अशा उत्तरावरून कदापि ठरवू नये.

शोधाच्या नादात रुग्णाची अब्रू उघड्यावर पडणार नाही, याचीही काळजी हवी. सल्ला घ्यावयाचा म्हणून रुग्णाचा अहवाल, छायाचित्र किंवा नाव व्हॉट्सॲपच्या गटात टाकणे कितीही सद्हेतूने केले, तरी ते अयोग्यच होय. एकदा पाठविलेले चित्र कोणाकोणाच्या हाती जाईल, यावर मग आपला ताबा राहत नाही. आणि सापडलेली माहिती डॉक्टरांच्या उपचाराशी जुळत नसेल, तर ती रुग्णाच्या खाटेपाशी बोलू नये. संदर्भासह डॉक्टरांपुढे ठेवावी. विचारणे हा उद्धटपणा नव्हे. ते परिचारिकेचे कर्तव्यच आहे.

आता घरच्या मंडळींशी दोन शब्द. आपल्या लेकीने किंवा सुनेने "मला हे ठाऊक नाही, बघून सांगते" असे म्हटले, तर तिला कमी लेखू नका. "एवढी शिकलीस आणि एवढेही येत नाही?" हा टोमणा आम्ही अनेक घरांतून ऐकला आहे. या टोमण्यापायी माणूस अंदाजाने बोलू लागतो, आणि अंदाजाची किंमत रुग्ण मोजतो. छातीत कळ, धाप, फेफरे, सर्पदंश असे काही असेल, तर तिच्या उत्तराची वाट न पाहता रुग्णाला तडक दवाखान्यात न्यावे. इतर वेळी तिला एक दिवसाची सवड द्यावी. आणि मोबाईलवर आलेला आरोग्याचा मजकूर तिने पाहीपर्यंत पुढे पाठवू नये. एवढे पथ्य प्रत्येक घराने पाळले, तरी परिचारिकांचे निम्मे ओझे हलके होईल, आणि त्यांच्या शब्दाला आज जे मोल आहे ते उद्याही टिकेल.