जीव वाचला, पुढे काय?

९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून प्रवासी खाली पडले. अशा अपघातांत मृतांचा आकडा छापून येतो. जखमींचे पुढचे महिने मात्र घराच्या चार भिंतींतच राहतात. ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. म्हणूनच हा अंक पुनर्वसनाविषयी.

मेंदूला मार लागलेला माणूस चालू-बोलू लागला, की सगळे म्हणतात, 'बरा झाला.' पण शर्टाचं बटण लावताना बोटं अडतात, गॅसवर दूध ठेवल्याचं लक्षात राहत नाही. तीन महिन्यांहून अधिक टिकणारी वेदना तर अनेकदा एक्स-रेत दिसतही नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत तिचं नाव नाही.

या अंकात आम्ही फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, रोजचा चिवट सराव आणि सांभाळणाऱ्यांची दमछाक यांकडे पाहिलं आहे. हाजीअलीला १९५५पासून केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. पण कल्याणहून तिथे जायचं म्हणजे पुन्हा तीच लोकल. हे उपचार घराजवळच मिळायला हवेत, असं आम्हाला मनापासून वाटतं.

तुम्ही हे सोसलं असेल, कुणाला सांभाळलं असेल, तर जरूर लिहा. तुमच्या चार ओळी दुसऱ्या घराला आधार देतील.