पाहुणे आणि घरचे

‘आमच्या चर्चचे दरवाजे सर्वांसाठी खुले आहेत’ हे वाक्य समलिंगी आणि पारलिंगी व्यक्तींच्या संदर्भात आता अनेक देशांतल्या ख्रिस्ती मंडळ्या उच्चारतात. वाक्य देखणे आहे. पण वाक्याच्या देखणेपणापाशी न थांबता त्यातला कर्ता कोण हे पाहावे, असे आम्ही वर्गात सांगत आलो आहोत. दार उघडणारा एक आणि आत येणारा दुसरा, ही विभागणी येथे गृहीतच आहे. स्वागत पाहुण्याचे होते. घरच्या माणसाचे कोणी स्वागत करत नाही. म्हणून आमचे म्हणणे असे की, समावेशाची परीक्षा दारात होत नसते. मंडळी कोणाला पुरते, कोणाचे लग्न लावते आणि कोणाला व्यासपीठावरून उपदेश करू देते, या तीन प्रश्नांच्या उत्तरांत ती होते.

पहिला प्रश्न अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरापुढे १९७३ साली उभा राहिला. समलिंगी असल्यामुळे पाळकपद गमावलेल्या ट्रॉय पेरी यांनी १९६८ च्या ऑक्टोबरात लॉस एंजेलिसजवळच्या आपल्या घरी बारा जणांसह उपासना सुरू केली. तिच्यातून मेट्रोपोलिटन कम्युनिटी चर्च उभे राहिले. त्याच्या न्यू ऑर्लिन्समधील मंडळीचे अनेक सभासद २४ जून १९७३ च्या रविवारी ‘अपस्टेअर्स लाउंज’ या मद्यगृहात जमले असताना तेथे आग लागली. ३२ माणसे दगावली; मंडळीचे पाळक बिल लार्सनही त्यांत होते. शहरातल्या अनेक चर्चनी मृतांच्या अंत्यविधीस नकार दिला. एपिस्कोपल धर्मगुरू विल्यम रिचर्डसन यांनी आपल्या चर्चमध्ये लहानशी प्रार्थनासभा घेतली, तर त्यांच्या बिशपांनी त्यांनाच फटकारले. अखेर १ जुलैला सेंट मार्क्स चर्चमध्ये स्मरणसभा झाली.

हे सेंट मार्क्स युनायटेड मेथडिस्ट पंथाचे. समलिंगी आचरण ख्रिस्ती शिकवणुकीशी विसंगत आहे, असे वाक्य त्या पंथाने आदल्याच वर्षी, १९७२ मध्ये, आपल्या नियमग्रंथात घातले होते. ते निघायला २०२४ साल उजाडले. एका मंडळीला जे आठवड्याभरात सुचले, ते पंथाला पचायला बावन्न वर्षे लागली.

दुसऱ्या प्रश्नावर कॅथलिक चर्चचे उत्तर पाहावे. डिसेंबर २०२३ मध्ये व्हॅटिकनने समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद देण्याची मुभा दिली. मात्र तो विवाहविधीसारखा दिसता कामा नये, ही अट घातली. पाहुण्याला ओसरी मिळाली, माजघर नाही.

‘पापाचा तिरस्कार करा, पाप्यावर प्रेम करा’ असे यावर ऐकवले जाते. ही फोड व्याकरणात जमते, माणसात जमत नाही. ज्याचे अवघे सहजीवनच पाप ठरवले, त्याच्या वाट्याला येणारे प्रेम नेमके कोणावर केलेले असते? शास्त्रवचनांकडे बोट दाखवणाऱ्यांनी सदर्न बॅप्टिस्ट पंथाचा इतिहास आठवावा. गुलाममालकांना मिशनरी नेमावे की नाही या वादातून तो १८४५ साली वेगळा झाला आणि १९९५ साली त्याने गुलामगिरीच्या समर्थनाबद्दल क्षमा मागितली. दीडशे वर्षांत वचने तीच राहिली, वाचन बदलले. संहिता आणि तिचे वाचन यांतला हा भेद साहित्याच्या अभ्यासकांना तरी नव्याने सांगायला नको.

आपल्याकडे २०१३ मध्ये मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस यांनी चर्च समलिंगी व्यक्तींना गुन्हेगार मानत नाही, असे जाहीरपणे सांगितले. तरीही २०१८ साली कलम ३७७ च्या सुनावणीत काही ख्रिस्ती संघटना ते कलम टिकावे म्हणून सर्वोच्च न्यायालयात उभ्या राहिल्या. गुन्हेगार न मानणे ही पहिली पायरी झाली. तिलाच कळस समजण्याची घाई नको.

मराठी वाचकाला हा पेच अगदी परका नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली ‘देवाचा दरबार’ स्थापला, तेव्हा बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोघांनाही त्यात ख्रिस्ताचे शिष्य म्हणून स्थान दिले. त्यांच्यापुढचा प्रश्न वेगळा होता, त्यांना आजच्या वादात ओढण्याचा आमचा हेतू नाही. पण आतले कोण आणि बाहेरचे कोण हे ठरवण्याची मक्तेदारी त्यांनी नाकारली होती. आज स्वागताच्या पाट्या लावणाऱ्या मंडळ्यांनी तेवढे तरी करावे. किल्ली एकाच्याच हातात असेल, तर दार उघडे असूनही घर सर्वांचे होत नाही.