टायमिंग कव्हर उघडता येतं हो, बंद करायची माहिती कुठाय?

मागच्या आठवड्यात दासगावच्या एका गाडीवाल्याचा फोन आला. "भाऊ, कंपनीत ओळखीचं कोण आहे का तुमच्या?" मला वाटलं एमआयडीसीतली कंपनी, पोराला चिकटवायचं असेल. तर ती नव्हे, गाडीची कंपनी. त्याला इंजिनाचं एक पुस्तक हवं होतं.

झालं असं. त्याची जुनी डिझेल गाडी भाड्याने चालते. घर त्याच गाडीवर. इंजिनाच्या बाजूने ऑईल झिरपायला लागलं म्हणून वर्कशॉपला दाखवली, तर त्यांनी सांगितलेला आकडा ऐकून हा चहा न पिताच परत आला. मग एका ओळखीच्या गॅरेजात टायमिंग कव्हर खोललं, साफ केलं, सिलिकॉन लावून परत बसवलं. गळती थांबली. तीन महिन्यांनी पोलादपूरहून आंबेनळी घाट चढताना ऑईलचा लाल दिवा पेटला. गाडीत सहा माणसं, त्यात दोन लहान पोरं. याने शहाणपणा केला, तिथल्या तिथे इंजिन बंद केलं. आणखी दोन वळणं दामटली असती तर इंजिन जाम.

गाडी टोचन करून दासगावला आणली. खालचा चेंबर उघडला तर ऑईल पंपाच्या जाळीत सिलिकॉनच्या शेवया अडकलेल्या. म्हणजे आधीच्या मेकॅनिकने गळती होऊ नये म्हणून हात सैल सोडून पेस्ट लावली, ती कव्हर आवळल्यावर आतल्या बाजूने पिळली गेली, सुकली, तुटली आणि ऑईलबरोबर जाळीत जाऊन बसली.

आता तुम्ही म्हणाल, मेकॅनिकच अडाणी. मीही तेच म्हणालो होतो. मग दोन संध्याकाळी त्या दासगावच्या गॅरेजात स्टुलावर बसून ते काम बघितलं. तिथल्या मेकॅनिकने "नाव लिहू नका" सांगितलंय, म्हणून लिहीत नाही.

टायमिंग कव्हर म्हणजे इंजिनाच्या तोंडावरचं ॲल्युमिनियमचं झाकण. आत टायमिंग चेन असते. खालचा क्रॅंक आणि वरचा कॅम यांना ती एका तालात फिरवते. ताल चुकला की पिस्टन जाऊन व्हॉल्व्हवर आदळतो आणि हेडचा खर्च उभा राहतो. हे झाकण काढायचं तर आधी ऑईल काढा, बेल्ट काढा, इंजिनाखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅक लावा, कारण त्या बाजूचं माउंटिंगही सोडावं लागतं. टॅपेट कव्हर, मग क्रॅंकची पुली. कव्हरचे बोल्ट सगळे एका लांबीचे नसतात. या पठ्ठ्याने पुठ्ठ्यावर कव्हरचं चित्र काढलं आणि ज्या जागेचा बोल्ट त्या जागी पुठ्ठ्यात खोचला. लांब बोल्ट आखूडच्या भोकात गेला तर कव्हर दाबलं जात नाही, जोर केला तर आटे जातात. जुन्या पेस्टने कव्हर घट्ट चिकटलेलं होतं. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलं असतं तर कडेला ओरखडा पडला असता, आणि तिथून आयुष्यभर ऑईल. त्याने कव्हरला ठेवलेल्या खाचांतूनच हळूहळू सोडवलं. अर्धा तास फक्त तेवढ्यालाच गेला.

खरी गोष्ट पुढे आहे. स्विफ्ट, डिझायर, व्हिस्टा, पुंटो अशा कितीतरी गाड्यांत बसलेल्या फियाटच्या १.३ लिटर डिझेल इंजिनात क्रॅंकचा मधला मोठा बोल्ट उलट्या आट्यांचा असतो. आपण सोडवतोय म्हणून नेहमीच्या दिशेने जोर लावला की तो आणखी आवळतो. हे ज्याला माहीत नाही तो लांब पाइप लावून बोल्ट तोडणार. इंजिन कुठल्या खुणेवर लॉक करायचं, कुठला बोल्ट किती टॉर्कवर आवळायचा, पेस्टची रेघ किती मिलिमीटर जाड, लावल्यावर किती मिनिटांत कव्हर बसवायचं, ऑईल भरण्याआधी किती तास थांबायचं, हे सगळं कंपनीच्या मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं. आमच्या मेकॅनिकला ते कुठून कळलं? "एक बोल्ट तोडला तेव्हा कळलं." तो तोडलेला बोल्टही कुणाच्या तरी पोटावर पाय देऊन गेला असणार.

हा प्रश्न एका गॅरेजचा नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ ला १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता. कारण हेच: सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजला मिळू न देणं. पुढे अपिलं, तारखा वगैरे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ मध्ये लोकांनी मतदान करून गाडी दुरुस्तीच्या माहितीचा हक्क मिळवला. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ ला 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. चांगलं आहे. पण तिथली माहिती बहुतेक ग्राहकासाठी. वॉरंटी किती, सेवा केंद्र कुठे, पार्टची किंमत काय. हातात पाना धरून गाडीखाली झोपलेल्या माणसाला हवा असलेला आकडा त्यात नाही. आणि मराठीत तर नाहीच नाही.

२२ जुलै २०२१ आठवा. सावित्री-गांधारीचं पाणी महाडच्या घराघरात होतं आणि उतरल्यावर गाड्यांत गाळ. काहींनी घाईत स्टार्टर मारला, पाणी भरलेलं इंजिन आतून मोडलं, आणि साध्या विम्यात ते बसत नाही हे नंतर समजलं. त्या चिखलातल्या गाड्या नाक्यानाक्यावरच्या याच पोरांनी उघडल्या. तेव्हा ते देवमाणूस होते. एरवी 'लोकल मेकॅनिक' म्हणजे शिवी.

म्हणून माझं स्पष्ट म्हणणं. चूक त्या पहिल्या मेकॅनिकचीही आहे, त्याला सोडू नये. पेस्ट जास्त लावू नये एवढं पुस्तकाशिवायही कळायला हवं. पण दहा वर्षं जुन्या गाडीचं मॅन्युअल कुलपात ठेवून कंपनीला कुठला धंदा वाचवायचाय? अशा गाड्या खेड्यांतच येऊन चालतात, आणि मोडल्या की इथेच उघडतात. ती पुस्तकं सरकारने खुली करायला लावावीत, निदान टॉर्क आणि टायमिंगचे तक्ते तरी मराठीत.

आणि दिल्लीची वाट न बघता महाडात होण्यासारखं एक काम. एमआयडीसीतल्या कंपन्यांचा सीएसआर निधी नावं रंगवलेल्या बाकड्यांवर बराच खर्च होतो. कौशल्य प्रशिक्षणही कायद्याने त्याच निधीत बसतं. तालुक्यातल्या गॅरेजवाल्यांसाठी आयटीआयमध्ये महिन्यातून एक रविवार वर्कशॉप उघडं ठेवा, दोन चांगले टॉर्क पाने आणि टायमिंग लॉकचा एक संच ठेवा, नोंद करून न्यायला द्या. आमच्या मेकॅनिककडे टॉर्क पाना नाही. त्याने तो महाडहून एका दिवसासाठी मागून आणला, तोही परत करायच्या बोलीवर. बाकड्यांपेक्षा हे स्वस्त पडेल.

पुस्तक मला काही मिळालं नाही. तो आकडा शेवटी त्याच्या पुण्यातल्या मावसभावाने फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवला. काल संध्याकाळी नवीन ऑईल सील आणि ओ-रिंग टाकून कव्हर बसवलं, पेस्टची रेघ बारीक. क्रॅंक हाताने दोन फेरे फिरवून बघितला, कुठे अडला नाही. ऑईल आज दुपारी भरणार आहेत. गाडीवाला सकाळपासून तिथेच बसलाय, परवाचं मुंबईचं भाडं घेऊ की नको विचारतोय.