विश्लेषण : विमानतळावरचे थांबणे इतके का छळते?

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. वैमानिकांच्या कामाच्या आणि विश्रांतीच्या वेळांचे नवे नियम लागू झाले होते आणि कंपनीची तयारी तोकडी पडली. ५ डिसेंबरला तर एकाच दिवसात हजारांहून अधिक विमाने उडाली नाहीत. मुंबई, पुण्यापासून दिल्ली, बेंगळूरुपर्यंत प्रवासी फरशीवर पथारी टाकून पडले होते, बाजूला बॅगांचे डोंगर. विमान रद्द झाल्याचा राग होताच. पण त्याहून मोठा राग होता तो ‘नक्की काय ते कुणी सांगतच नाही’ याचा. हा दुसरा राग टाळता येण्यासारखा असतो. ‘सेवा-रचना’ किंवा सर्व्हिस डिझाइन नावाची शाखा नेमके तेच काम करते.

ह्यूस्टनमध्ये काय घडले?

या विषयात अमेरिकेतील ह्यूस्टन विमानतळाचे उदाहरण हमखास दिले जाते. सामान उशिरा मिळते, अशा तक्रारींचा तेथे पाऊस पडत होता. प्रशासनाने कर्मचारी वाढवले, सरासरी प्रतीक्षा आठ मिनिटांवर आणली. तक्रारी थांबेनात. मग लक्षात आले की प्रवासी विमानातून उतरून एका मिनिटात पट्ट्यापाशी पोहोचतात आणि उरलेली सात मिनिटे नुसते उभे राहतात. तेव्हा विमाने लांबच्या गेटवर लावायला सुरुवात झाली आणि सामानही लांबच्या पट्ट्यावर येऊ लागले. चालण्याचे अंतर सहापट झाले. सामान लवकर आले नाही, पण तक्रारी जवळपास संपल्या.

ही गोष्ट चतुराईचा नमुना म्हणून सांगितली जाते. तिच्यात थोडी फसवणूकही आहे, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. धडधाकट माणसाला ते चालणे जाणवत नाही. गुडघे दुखणाऱ्या आजींना जाणवते.

घड्याळातला वेळ आणि मनातला वेळ

डेव्हिड मेस्टर या अभ्यासकाने १९८५ मध्ये रांगांच्या मानसशास्त्रावर एक निबंध लिहिला. रिकामा वेळ भरलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो. किती थांबायचे हे ठाऊक नसले, का थांबायचे हे सांगितले नाही, की तेवढाच वेळ आणखी लांबतो. आणि आपल्या मागचा माणूस पुढे गेलेला दिसला, तर पाच मिनिटेही सहन होत नाहीत. एसटी स्टँडवर उभे राहिलेल्या कोणालाही हे नव्याने सांगायला नको.

भारतीय विमानतळांनी यातील पहिल्या मुद्द्यावर भरपूर खर्च केला आहे. मुंबईच्या टर्मिनल २ मधील कलादालन, दुकाने, खाद्यपदार्थांचे कट्टे, लाउंज. वेळ भरायला हवे ते सारे आहे. ‘डिजियात्रा’मुळे डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने प्रवेशद्वारावरच्या रांगाही अनेकांसाठी आखूड झाल्या. अनिश्चितता मात्र जिथल्या तिथे आहे.

‘अर्धा तास उशीर’ पुन:पुन्हा का?

फलकावर आधी अर्धा तास, मग आणखी अर्धा, मग पाऊण. असा हप्त्याहप्त्याने होणारा उशीर प्रवाशाला कुठलेच करत नाही. जेवायला जावे तर बोर्डिंग सुरू होईल ही धास्ती, बसून राहावे तर पोटात कावळे. सहा तासांहून अधिक उशीर अपेक्षित असेल, तर पर्यायी उड्डाण किंवा पूर्ण परतावा देऊ करण्याचे बंधन नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) नियमात आहे. दोन ते चार तासांच्या उशिरानंतर, उड्डाणाच्या लांबीनुसार, खाणेपिणेही द्यावे लागते. खरा उशीर एकदम सांगितला तर ही दारे लगेच उघडतात. त्यामुळे हप्त्यांमागे हिशेब असावा, अशी शंका प्रवाशांना आली तर त्यांना दोष देता येत नाही.

अर्थात धुके कधी उठेल हे अनेकदा कंपनीलाही ठाऊक नसते. अशा वेळी विमानाची वेळ सांगता आली नाही, तरी पुढच्या माहितीची वेळ सांगता येते. ‘पुढील सूचना ७.३० वाजता, तोवर गेटवर थांबण्याची गरज नाही’ एवढे एक वाक्य. आणि साडेसात वाजता नवे काही नसले, तरी येऊन तसे सांगणारा माणूस. अनेक विमानतळ आता ‘सायलेंट’ झाले आहेत, म्हणजे बोर्डिंगची घोषणा होत नाही. गोंगाट कमी झाला हे चांगलेच. पण ज्याला फलक वाचता येत नाही किंवा जो पहिल्यांदाच विमानात बसतो आहे, त्याचे काय?

माहितीवरचा विश्वास उडाला की काय होते, हे जानेवारी २०२४ मध्ये दिसले. गोव्याहून दिल्लीला निघालेले विमान धुक्यामुळे मुंबईला वळवले गेले. कित्येक तास ताटकळलेले प्रवासी विमानाशेजारी, धावपट्टीच्या आवारातच बसून जेवले. बसमध्ये बसायला ते तयार नव्हते, असे तेव्हा सांगण्यात आले. विमान कंपनीला १ कोटी २० लाखांचा, तर विमानतळ चालकाला वेगळा दंड झाला. बाहेर पडले तर पुन्हा रांग, पुन्हा तपासणी आणि विमान निघून जाण्याची भीती. ही भीती दंडाने जात नाही.

थांबलेला प्रवासी कोणाच्या फायद्याचा?

विमानतळाचे बरेचसे उत्पन्न दुकाने, खाद्यपदार्थ, पार्किंग आणि जाहिरातींतून येते. सुरक्षा तपासणीनंतरचा रस्ता दुकानांच्या मधून वळणे घेत जातो, तो उगीच नाही. म्हणून रचनाकाराला ‘प्रवाशाचा अनुभव सुधारा’ असे सांगितले जाते, तेव्हा त्याचा अर्थ बऱ्याचदा ‘प्रवाशाला खर्च करायला लावा’ असा होतो. कोलकाता विमानतळावर डिसेंबर २०२४ मध्ये ‘उडान यात्री कॅफे’ सुरू झाला. दहा रुपयांत चहा, वीस रुपयांत सामोसा. त्याचे एवढे कौतुक व्हावे, यातच बाकीच्या दरांची कहाणी आली.

सर्वात महाग थांबणे

फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कहून मुंबईत उतरलेले ऐंशी वर्षांचे एक गृहस्थ व्हीलचेअर कमी पडल्याने पत्नीच्या खुर्चीसोबत चालत निघाले, इमिग्रेशनपाशी कोसळले आणि दगावले. थांबायला सांगितले होते, असे एअर इंडियाचे म्हणणे होते. डीजीसीएने कंपनीला ३० लाखांचा दंड केला. किती वेळ थांबायचे हे त्यांना कळले असते, वाटेत बसायला जागोजागी बाक असते, तर निर्णय वेगळा झाला असता का, हा प्रश्न उरतोच.

मुलांकडे अमेरिकेला जाणारे मराठी आईवडील व्हीलचेअर मागतात, ते दरवेळी पाय दुखतात म्हणून नव्हे. भाषा येत नाही, गेट सापडेल का ही धाकधूक असते; खुर्चीबरोबर वाट दाखवणारा माणूस मिळतो. त्यांना खुर्ची नको, सोबत हवी असते. सोबतीची वेगळी सोय केली, तर खुर्च्या ज्यांना खरेच लागतात त्यांच्यासाठी उरतील. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून उड्डाणे सुरू झाली. कमळाच्या आकाराच्या त्या टर्मिनलचे फोटो सर्वांनी पाहिले आहेत; आता तेथे मराठी बोलणारा सोबती किती मिनिटांत मिळतो, तेही पाहायला हवे.